चार काड्यांचे घर

संतपूरच्या आमच्या घरी ओसरीच्या भिंतीवर विजेच्या मीटरची लाकडी पेटी आहे. शेतातली तूर निघाली की त्या पेटीवर होल्याची जोडी येऊन बसते. नर एक काडी आणतो, मादीच्या पाठीवर उभा राहतो आणि ती काडी तिच्यापुढे टाकतो. मादी ती पोटाखाली सरकवते. नर पुन्हा उडतो. तुरीच्या तीस-चाळीस काड्या, खराट्याचा एखादा हीर, कधी कुणी फेकलेली बारीक तार, एवढ्यात घर उभे. खाली उभे राहून वर पाहिले तर काड्यांच्या फटीतून पांढरी अंडी दिसतात. दोनच असतात. आजीचा त्या दिवसांत एकच हुकूम असायचा, "लेकरांनो, पेटीकडं जाऊ नका, ती बसलीय." आणि स्वतः मात्र येता-जाता मान वर करून बघायची. "काड्या चार अन् संसार केवढा!"

संतपूर हे बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यातले गाव. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि औराद म्हैसूर राज्यात. त्यामुळे आमच्याकडे एका पाखराला चार नावे आहेत. मराठीत होला, कन्नडमध्ये बेळव, उर्दूत फाख्ता, तेलुगूत गुव्वा. ज्यांच्या तोंडी ही नावे आहेत, त्यांच्या देवळांत, दर्ग्यांत आणि चर्चमध्येही हा पक्षी या ना त्या रूपाने पोचलेला आहे. कुठे तो गुरू आहे, कुठे गरिबाचा नैवेद्य, कुठे मृत्यूचा दूत. मोर, गरुड, हंस यांना धर्मग्रंथांत मान मिळाला यात नवल नाही. त्यांच्याकडे रूप आहे, ताकद आहे, ऐट आहे. मातकट रंगाच्या, धड घरटेही न बांधता येणाऱ्या होल्याने काय दाखवले म्हणून त्याला एवढे बोलावणे आले?

कासवाशी नाते नाही

आधी पक्षी ओळखून घेऊ. आमच्या भागात होल्याचे चार प्रकार सहज दिसतात. माळरानावर आणि घरांच्या आसपास सर्वांत जास्त दिसतो तो छोटा तपकिरी होला. त्याच्या गळ्यावर काळ्या ठिपक्यांची माळ असते. झाडी जरा दाट असेल तिथे ठिपकेवाला होला. त्याच्या मानेवर काळ्यावर पांढऱ्या टिकल्यांचा पट्टा. तारांवर बसून तीन अक्षरी 'कु-कूऽ-कु' करणारा फिकट राखी पक्षी म्हणजे पठाणी होला. त्याच्या मानेमागे काळी अर्धगोल रेघ असते. चौथा तांबडा होला. यात नर विटकरी आणि मादी मळकट, म्हणजे नर-मादी लांबूनही वेगळे ओळखू येतात. बाकीच्या तिघांत ते ओळखणे अवघड.

युरोप आणि पश्चिम आशियाच्या धर्मग्रंथांत जो येतो, तो यांचा चुलतभाऊ. इंग्रजीत त्याला टर्टल डव्ह म्हणतात. शाळेत आम्हाला टर्टल म्हणजे कासव हे पाठ होते, म्हणून या पक्ष्याच्या पाठीवर कवच असावे अशी माझी बरेच दिवस समजूत होती. कासवाचा इथे काहीही संबंध नाही. लॅटिनमध्ये या पक्ष्याला 'तुर्तुर' म्हणत. त्याच्या घुमण्याचा आवाजच नाव होऊन बसला आणि इंग्रजीत येताना त्याचे टर्टल झाले.

जुन्या भाषांनी होला आणि पारवा यांत फार काटेकोर भेद केलेला नाही. संस्कृतातला 'कपोत' दोघांनाही लागू पडतो, अरबीतला 'हमाम'ही तसाच. मराठीने मात्र हा भेद सांभाळला आहे. देवळाच्या शिखरावर आणि पडक्या वाड्यात थव्याने राहतो तो पारवा. अंगणात जोडीने उतरतो तो होला. मराठी बायबल वाचणारे हा फरक चांगला जाणतात, कारण तिथे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी येतात.

या कुळाच्या तीन सवयी लक्षात ठेवाव्यात. पुढच्या सगळ्या कथा त्यांवरच उभ्या आहेत. पहिली, जोडी. अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे ही कामे नर-मादी वाटून घेतात. दुसरी, दूध. पिल्ले अंड्यातून बाहेर आली की पहिले काही दिवस त्यांना दाणा दिला जात नाही. आई-बापांच्या गळ्यातल्या अन्नपिशवीच्या आतल्या थरातून दह्यासारखा घट्ट पदार्थ सुटतो, तो पिल्लांच्या चोचीत भरवला जातो. हे दूध बापालाही येते. सस्तन प्राण्यांतही बापाच्या वाट्याला हे काम आलेले नाही! तिसरी सवय म्हणजे घरट्याची अनास्था. सुगरणीसारखी विणकाम करणारी, शिंप्यासारखी पाने शिवणारी पाखरे एका बाजूला आणि काड्यांचा विस्कटलेला पुंजका करून त्यावर अंडी घालणारा होला दुसऱ्या बाजूला. म्हणजे जीव लावणे पुरेपूर आणि आडोसा जवळजवळ शून्य. ज्याला संसाराबद्दल काही सांगायचे आहे, त्याला यापेक्षा सोयीचा पक्षी मिळणार नाही.

आठवा गुरू

बीदर आणि कलबुर्गी हे दत्ताचे जिल्हे. कलबुर्गीच्या अफझलपूर तालुक्यात भीमा-अमरजा संगमावर गाणगापूर आहे. नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांचे स्थान. बीदरच्या हुमनाबादेजवळ माणिकनगर आहे. १८१७ साली दत्तजयंतीला जन्मलेल्या माणिकप्रभूंची समाधी तिथे आहे. या मुलखातल्या भाविकाला दत्ताचे चोवीस गुरू हा विषय नवा नाही. ती यादी भागवताच्या अकराव्या स्कंधातली. यदुराजा एका अवधूताला विचारतो, तुझ्या या आनंदाचे कारण काय? अवधूत आपले चोवीस गुरू मोजून दाखवतो. मूळ भागवतात अवधूताचे नाव येत नाही. परंपरेने त्याला दत्तात्रेय मानले. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य हे पहिले सात. ही पंचमहाभूते आणि आकाशातले दिवे संपले की पहिला हाडामांसाचा गुरू येतो, तो कपोत. यादीतला आठवा.

पण हा गुरू शिकवतो ते कसे वागू नये हे. रानातल्या झाडावर एक कपोत जोडी राहत असते. नजरेला नजर, मनाला मन बांधलेले. ती मागेल ते तो कष्ट करून आणतो. अंडी होतात, पिल्ले होतात, त्यांच्या मऊ अंगाच्या स्पर्शाने आणि चिवचिवाटाने दोघे हरखून जातात. एक दिवस दोघे दाणा आणायला गेलेले असताना व्याध जाळे टाकतो आणि खाली उतरलेली पिल्ले अडकतात. आई परत येते, ते पाहते आणि ओरडत स्वतःहून जाळ्यात शिरते. बाप फांदीवर बसून विलाप करतो: माझे घर बुडाले, आता कुणासाठी जगू? जाळे समोर दिसत असून तोही त्यात झेप घेतो. व्याधाचे काम फत्ते. एका फेरीत सगळे कुटुंब घेऊन तो घरी जातो. अवधूत शेवटी सांगतो की माणसाचा जन्म म्हणजे मुक्तीचे उघडे दार. त्या दाराशी येऊनही जो या पाखरासारखा घरातच गुंतून राहतो, तो वर चढून खाली पडलेला.

मराठी माणसापर्यंत ही कथा पोचवली ती एकनाथांनी. अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली पुरी झाली. मूळ कथा वीस-बावीस श्लोकांची. नाथांनी ती ओव्यांमध्ये ऐसपैस मांडली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगडावर कारभार पाहणारे दत्तभक्त, म्हणजे नाथांकडे कपोत घरूनच आला म्हणायचा. आणि नाथ कोण? पैठणच्या घरात पत्नी गिरिजाबाई, मुले, नातवंडे असा नांदता संसार केलेले संत. संसाराविरुद्धचा भागवतातला सर्वांत कठोर दाखला मराठीत आणला तो संन्याशाने नव्हे, गृहस्थाने. म्हणूनच कथेतला व्याध मला नाथांच्या घरी जरा वेगळा दिसतो. होल्याची चूक जीव लावण्याची होती, की जीव लावताना चार काड्यांपलीकडचे काहीच दिसेनासे झाले याची? नाथांच्या चरित्रकथांत त्यांच्या दारी श्राद्धाचे जेवण उपेक्षितांना वाढले जाते आणि काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी होते. ते घर चार भिंतींपाशी संपत नव्हते. आठव्या गुरूचा धडा संसार सांभाळून कसा पाळायचा, याचे उत्तर त्यांच्या ओव्यांपेक्षा त्यांच्या उंबरठ्यावर जास्त स्पष्ट मिळते.

गाणगापूरला गेले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. चोवीस गुरूंतला मधमाशीचा धडा असा की फुलाफुलातून थोडे-थोडे घ्यावे, एकाच फुलाला पिळू नये. तो धडा तिथे रोज भर दुपारी चालताना दिसतो. भाविक झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतात; खुद्द दत्तमहाराज त्या वेळी कुठल्या ना कुठल्या रूपात भिक्षेला येतात, ही श्रद्धा. मधमाशीचा आचार झाला. होल्याचा मात्र झाला नाही. तो पोथीतच राहिला. माधुकरी घालायला कुणीतरी घरात चूल पेटवून बसलेले लागते, हे गाणगापूरला चांगले ठाऊक आहे.

तोच व्याध, दुसरा शेवट

व्याध, जोडी आणि मरण हेच सामान घेऊन महाभारताने अगदी उलटी गोष्ट सांगितली आहे. शरपंजरी पडलेले भीष्म शांतिपर्वात युधिष्ठिराला शरणागताच्या रक्षणाबद्दल सांगतात, तिथे ती येते. वादळपावसात सापडलेला, थंडीने काकडलेला व्याध एका झाडाखाली येऊन पडतो. त्याने पकडलेली कपोती त्याच्या पिंजऱ्यात आहे आणि झाडावर तिचा नर तिची वाट पाहत शोक करतो आहे. घर म्हणजे भिंती नव्हेत, गृहिणी हेच घर, हे लग्नकार्यातल्या भाषणांत हमखास ऐकू येणारे संस्कृत सुभाषित याच शोकातले. बोलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसते की ते एका होल्याचे उद्गार आहेत, आणि तेही बायको पिंजऱ्यात अडकलेली असताना काढलेले.

पिंजऱ्यातून कपोती त्याला सांगते, माझे राहू दे. हा आपल्या दारी आलेला पाहुणा आहे, आधी त्याचे बघ. नर वाळकी पाने गोळा करतो, विस्तव आणतो, व्याधाला शेक देतो. व्याध म्हणतो, भूक लागली. आमच्याकडे साठवण नसते, असे सांगून नर क्षणभर ओशाळतो आणि मग त्याच अग्नीत उडी घेतो. व्याध हादरतो, कपोतीला सोडून देतो, काठी-जाळे टाकून निघून जातो. कपोती नवऱ्यामागे अग्नीत जाते. आजच्या वाचकाला हा शेवटचा भाग खटकेल आणि खटकावाही. पण कथेचा कणा तो नाही. भागवतातला कपोत मरतो तेव्हा त्याच्या मरणाचा उपयोग फक्त व्याधाला होतो. शांतिपर्वातला मरतो, तेव्हा व्याध व्याध राहत नाही. फरक एवढाच, की एकाचे घर आपल्या माणसांपाशी संपले आणि दुसऱ्याचे घर पाहुण्यापर्यंत पोचले. रामायणातही बिभीषण शरण येतो तेव्हा, शत्रूच्या भावाला जवळ करावे की नाही अशी चर्चा चालली असताना, राम याच कपोताचा दाखला देतो.

कपोत स्वतः शरण येतो ती शिबिराजाची कथा सर्वांना माहीत आहे. ससाण्याच्या तावडीतून सुटलेला कपोत राजाच्या मांडीवर येतो आणि राजा त्याच्या वजनाइतके स्वतःचे मांस तराजूत घालत जातो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. जैन परंपरेत हेच कृत्य मेघरथ राजाचे; हा मेघरथ पुढे सोळावा तीर्थंकर शांतिनाथ होऊन जन्मला. हिंदू, बौद्ध आणि जैन या तिघांनी एकच पक्षी एकाच तराजूत घातला. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून २०२५ साली जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हा तराजूच आहे. विष्ठेतून आणि पिसांतून फुप्फुसाचे विकार होतात हा डॉक्टरांचा मुद्दा खरा. दाणा टाकणाऱ्याच्या मनातला मेघरथही खरा. मात्र तिथे दाण्यावर उतरतो तो पारवा. गर्दीत पोसला जाणारा, माणसाच्या इमारतींना कडेकपारी समजणारा. होला त्या गर्दीत फारसा जात नाही.

निर्ऋतीचा दूत

या सगळ्यांहून जुना कपोत ऋग्वेदात बसला आहे आणि तो अशुभ आहे. दहाव्या मंडलातले १६५ वे सूक्त केवळ घरात शिरलेल्या कपोतासाठी आहे. तो निर्ऋतीचा, म्हणजे नाशाच्या देवतेचा दूत. घुबडाच्या जोडीने त्याचा उल्लेख येतो. त्याने चुलीशी पाय ठेवला म्हणून घरातले घाबरले आहेत आणि आमच्या गाईगुरांना, माणसांना इजा करू नकोस, अशी त्याची विनवणी करतात. आमच्याकडे अजूनही ओसाड घराचे वर्णन करताना पारवे घुमतात असे म्हणतात आणि घरात पारव्याने ठाण मांडले तर जुनी माणसे कपाळाला आठ्या घालतात. तीन हजार वर्षांत ती आठी पुरती गेलेली नाही. कारणही सरळ आहे. माणूस घर सोडून गेला की तिथे हे पाखरू येते; मग पाखरू आले म्हणून माणूस जातो, असे वाटायला किती वेळ लागणार?

कोकरू परवडत नसेल तर

आता पश्चिमेकडे जाऊ. बायबलच्या लेवीय पुस्तकात बाळंतिणीने शुद्धीसाठी कोकरू आणि एक पक्षी आणावा असे सांगितले आहे. पण लगेच पुढे सवलत आहे: कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले चालतील. इतर काही अर्पणांत तर त्याही खालची पायरी आहे: पक्षीही परवडत नसतील तर थोडे पीठ. धर्मशास्त्रात आपल्या ऐपतीप्रमाणे असे मोघम म्हटलेले पुष्कळदा सापडते. इथे ऐपतीचे दरपत्रकच आहे. कोकरू, होला, पीठ.

लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्मानंतर मरीया आणि योसेफ यरुशलेमच्या मंदिरात जातात, तेव्हा हीच गरिबांची तरतूद वापरली जाते. एका ओळीत लेखकाने त्या घराची आर्थिक स्थिती सांगून टाकली. गरिबी हा शब्दही वापरावा लागला नाही. पुढे मोठा झालेला येशू त्याच मंदिराच्या आवारात सराफांची मेजे आणि कबुतरे विकणाऱ्यांची आसने उलथून टाकतो. गरिबांच्या पक्ष्याचा बाजार झालेला होता.

बाजार कसा असे, हे यहुदी परंपरेच्या मिश्ना या ग्रंथात सापडते. एकदा यरुशलेमात पक्ष्यांच्या जोडीचा भाव सोन्याच्या नाण्यापर्यंत चढला. रब्बान शिमोन बेन गम्लिएल याने निश्चय केला की आज भाव उतरल्याशिवाय झोपायचे नाही. त्याने न्यायसभेत निर्णय दिला: पाच बाळंतपणांची अर्पणे राहिलेली असली तरी स्त्रीने एकदाच जोडी द्यावी, उरलेली तिच्यावर बंधनकारक नाहीत. मागणी कोसळली. त्याच दिवशी जोडीचा भाव चांदीच्या दिनाराच्या पावपटीवर आला. व्यापाऱ्यांना शिक्षा नाही, प्रवचन नाही. शास्त्राचा एक अर्थ सैल केला आणि बाळंतिणींची सोय झाली. होल्याच्या इतिहासातली माझी ही सर्वांत आवडती गोष्ट आहे.

होलाच का? एक तर तो मिळत असे. वसंतात आफ्रिकेकडून येणारे त्यांचे थवे पॅलेस्टाइनवरून जात. आपल्या येण्याची वेळ या पक्ष्याला कळते, असे यिर्मया संदेष्ट्यानेही म्हटले आहे. पाळावा लागत नाही, चारा लागत नाही. दुसरे म्हणजे त्याची जोडी. पुढे मध्ययुगीन युरोपातल्या पशुग्रंथांनी या जोडीवरून मोठा मनोरा रचला: जोडीदार मेला की होला पुन्हा जोडी करत नाही, हिरव्या फांदीवर बसत नाही, स्वच्छ पाणी पीत नाही. विधवेचा आदर्श म्हणून त्याचे गोडवे गायले गेले. खऱ्या होल्याला याचा पत्ता नाही. जोडीदार गेला की तो दुसरा शोधतो आणि पुन्हा काड्या गोळा करू लागतो. माणसांनी, त्यातही पुरुषांनी, बाईकडून जे हवे होते ते पाखराच्या नावावर चढवले. शांतिपर्वातल्या अग्नीत जाणाऱ्या कपोतीला तिची ही युरोपातली बहीण लगेच ओळखू आली असती.

गळ्यातली रेघ

कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा आहे. १४२२ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागोमाग पंधराव्या शतकातच बहमनी राजधानी कलबुर्गीहून बीदरला गेली. दख्खनी बोलणाऱ्या घरांत या पक्ष्याची आणखी दोन रूपे भेटतात. हिजरतीच्या वेळी पैगंबर आणि अबू बक्र सौर डोंगरातल्या गुहेत लपले, तेव्हा तोंडाशी कोळ्याने जाळे विणले आणि कबुतरांच्या जोडीने घरटे केले. पाठलाग करणारे ते शाबूत घरटे पाहून परतले, असे परंपरा सांगते. कुराणात गुहेचा उल्लेख आहे, पाखरांची गोष्ट मागाहून सांगितली गेली. इथे त्या घरट्याचा कमकुवतपणाच पहारा झाला. माणूस आत गेला असता तर काड्या राहिल्या असत्या का?

दुसरे रूप फारसी-उर्दू कवितेतले. होल्याच्या मानेवरची काळी रेघ म्हणजे प्रेमाच्या गुलामाचा पट्टा. तो सरूच्या उंच झाडावर बसून घुमतो, ते त्याचे आळवणे. फारसीत 'कू' म्हणजे कुठे. पडक्या राजवाड्यावर बसलेली फाख्ता 'कुठे, कुठे' असे विचारते, ही कल्पना उमर खय्यामच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका रुबाईत आहे. बीदरच्या किल्ल्यात रंगीन महालाच्या पलीकडे दुपारी उभे राहावे. पर्यटक जेवायला गेलेले असतात आणि भग्न कमानींतून तोच प्रश्न ऐकू येत असतो. ऋग्वेदातला ओसाड घराचा पक्षी तो हाच. फक्त इथे त्याची भीती वाटत नाही, त्याच्याबरोबर थोडे उदास व्हावेसे वाटते.

माणिकप्रभूंच्या पंथाला सकलमत संप्रदाय म्हणतात; सगळी मते आपापल्या जागी खरी, हा त्याचा गाभा. होल्याच्या बाबतीत ते मला पटते, पण एका अटीवर. ही मते होल्याविषयी नाहीतच. घर किती घट्ट धरावे, दार किती उघडे ठेवावे, घर रिकामे झाल्यावर काय उरते, हे माणसाचे प्रश्न आहेत आणि होला ते न विचारता आपल्या पेटीवर बसलेला आहे.

सरवा

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी होल्याकडे नीट पाहून घेतली आहे: तो खातो कसे. तो पीक ओरबाडत नाही. मातीवर चालत, मान हलवत, सांडलेला एक-एक दाणा टिपतो. बौधायन धर्मसूत्रात गृहस्थाच्या उपजीविकेच्या प्रकारांत एक 'कापोता' वृत्ती आहे: जिथे मनाई नाही अशा जागी सांडलेले धान्य दोन बोटांनी, कपोताच्या चोचीसारखे, एक-एक वेचून राहणे. महाभारतात युधिष्ठिराच्या अश्वमेधाला हिणवणारे अर्धे सोन्याचे मुंगूस येते ना, त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले ते अशाच कपोतवृत्तीने राहणाऱ्या कुरुक्षेत्रातल्या ब्राह्मणाच्या घरी. दुष्काळात मिळालेले मूठभर सातू चौघांत वाटलेले असताना पाहुणा येतो आणि चौघेही आपापला वाटा त्याला देतात. सांडलेल्या पिठात मुंगूस लोळले. पुन्हा तेच: तुटपुंजे घर आणि दारातला पाहुणा.

दोन बोटांनी वेचण्याला आमच्या मराठीत शब्द आहे, सरवा. ज्वारी, मूग, तूर काढून झाली की गावातल्या भूमिहीन बायका पदर खोचून रानात सरवा वेचायला जात. त्यांच्या पुढे-मागे होले असत. बायका चार पावले पुढे गेल्या की मागे होले उतरत. लेवीय पुस्तकात, ज्यात गरिबाने दोन होले आणावेत असे लिहिले आहे त्याच पुस्तकात, शेतकऱ्यालाही बजावले आहे की शेताच्या कडेपर्यंत कापू नकोस, पडलेली कणसे उचलू नकोस. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोड. म्हणजे शास्त्राने दोघांचाही विचार एकाच जागी केला होता.

युरोपातला टर्टल डव्ह आज संकटात आहे. २०१५ साली जागतिक यादीत त्याची नोंद असुरक्षित म्हणून झाली. ब्रिटनमध्ये गेल्या अर्ध्या शतकात त्याची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. प्रवासातली शिकार हे एक कारण. दुसरे असे, की शेते इतकी स्वच्छ झाली की तणाचे बी आणि सांडलेला दाणा उरलाच नाही. सरवा संपला. आमच्याकडे होला अजून पुष्कळ आहे. सोयाबीनचे यंत्र बांधाच्या टोकापर्यंत फिरते, तरी खळ्यावर, दुकानापुढे, दळणाच्या डब्याखाली त्याला काहीतरी मिळते.

गेल्या माघात मीटरचा आकडा घ्यायला माणूस आला. खिशातून चष्मा काढला, पेटीच्या दाराला हात घातला आणि थबकला. वर काड्या, काड्यांवर एक स्थिर डोळा. "बेळव बसलीय," तो म्हणाला. दार न उघडता काचेला डोळा लावून त्याने आकडा वाचला, एक अंक नीट दिसेना म्हणून मोबाइलचा उजेड पाडला, तोही जरा बाजूने. बिल आजीच्या जुन्या पाटावर ठेवून तो पायऱ्या उतरला. पक्षी हलला नाही.